केत्सालच्या मागे चार दिवस (आणि खरं सांगायचं तर एका झाडाच्या मागे)

आधीच सांगून टाकतो, मी काही मोठा पक्षीवाला नाही. दुर्बीण आहे, कॅमेरा आहे, पण झाडावर हललेलं पान आणि पक्षी यात अजून गोंधळ होतो. तरी केत्साल नावाचा पक्षी बघायचाच हे डोक्यात कधीपासून होतं त्याचं कारण आंबोलीचा मामा. लहानपणी मे महिन्यात आजोळी गेलो की मामा आम्हा पोरांना पहाटे उठवून रानात न्यायचा आणि एकदा त्याने कर्णा दाखवला होता, काळं डोकं, पांढरा पट्टा, खाली गुलाबी लाल पोट, आणि बसलेला असा की जणू कुणीतरी फांदीवर चिकटवून ठेवलाय. पुढे कधीतरी कळलं की या कर्ण्याचे भाऊबंद जगभर आहेत, आफ्रिकेत आहेत, अमेरिकेत आहेत, आणि त्या सगळ्या खानदानात सगळ्यात नटवा तो, म्हणजे हा केत्साल, मध्य अमेरिकेतल्या ढगातल्या जंगलात राहतो. तेव्हापासून किडा.

आता आम्ही ह्यूस्टनला राहतो, इथून कोस्टा रिकाचं विमान चार तासांच्या आत पोचतं. आई तीन महिन्यांसाठी आली होती, वय ६८, गुडघे बरे आहेत पण चढ नको म्हणते. बायको म्हणाली आईंना घेऊन जंगलात काय करणार. आई म्हणाली, "मला काय विचारतेस, मी आंबोलीची आहे." विषय संपला.

केत्साल दिसणारी कोस्टा रिकातली दोन ठिकाणं, मॉन्टेवर्दे आणि सान हेरार्दो दे दोता, यातलं कुठलं यावर आठवडाभर चर्चा झाली. मॉन्टेवर्दे जास्त फेमस, १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाहून आलेल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबांनी तिथे बस्तान बसवलं, दुधाचा धंदा केला, पुढे १९७२ मध्ये तिथलं राखीव जंगल झालं वगैरे. पण आम्हाला एकच पक्षी हवा होता आणि मार्च महिना होता, म्हणजे विणीचा हंगाम, आणि राजधानीपासून दोता जवळ पडतं. दोता फायनल.

दिवस पहिला

राजधानी सान होसेला उतरलो, गाडी घ्यायला गेलो आणि तिथे पहिला दणका. ऑनलाइन जो भाडं दाखवला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट बिल, कारण इन्शुरन्स वेगळा आणि तो घ्यावाच लागतो. कंपनीचं नाव घेत नाही, पण तुम्ही जाणार असाल तर बुकिंग करताना बारीक अक्षरं वाचा एवढंच.

मग कार्तागो मागे टाकून इंटरअमेरिकाना, म्हणजे २ नंबरचा हायवे, वर चढायला लागतो. एका तासात हवा अशी बदलते की शर्टावर स्वेटर, स्वेटरवर जॅकेट. ढग रस्त्यावर आडवे बसलेले, समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसतात. या डोंगराचं नावच सेर्रो दे ला मुएर्ते, मृत्यूचा डोंगर. आईला अर्थ सांगितल्यावर म्हणाली, "हे आत्ता सांगतोयस?" नावामागची गोष्ट अशी की रस्ता व्हायच्या आधी पलीकडच्या खोऱ्यातले लोक माल घेऊन पायी नाहीतर बैलगाडीने हा डोंगर ओलांडायचे, दोन-तीन दिवस लागायचे, आणि वर थंडीने गारठून माणसं मरायची. हे विषुववृत्ताजवळचं गरम देश म्हणून आपण हाफ पँट भरून आणतो आणि इथे लोक थंडीने मेलेत!

८० किलोमीटरच्या दगडापाशी उजवीकडे वळायचं आणि मग ९ किलोमीटर नुसता उतार. आमच्या आंबोली घाटाचा धाकटा भाऊ म्हणा, फक्त अरुंद, आणि समोरून गाडी आली की कुणीतरी रिव्हर्स घ्यायचा. खाली सावेग्रे नदीचा आवाज येतो पण नदी दिसत नाही. दोन्हीकडे ओकची झाडं, ओक म्हणजे आपल्या डोक्यात युरोप येतं पण इथले ओक राक्षसी, आणि प्रत्येक फांदीवर एवढं काय काय उगवलेलं की मूळ फांदी कुठली ते कळू नये, नेचे, ऑर्किड, शेवाळ्याच्या गाद्या, खाली लोंबणाऱ्या दाढ्या. आई काच खाली करून बघत होती, म्हणाली, "दगडफूल! अरे केवढं दगडफूल आहे, दादरला काय भाव आहे माहितीये का." पुढचे चार दिवस तिने त्या जंगलाची किंमत दगडफुलाच्या भावात केली.

संध्याकाळी खोलीवर पोचलो, साधी लाकडी खोली, हीटर छोटा, रजया जाड. मालकीणबाईंनी हातात गरम कप दिला, आग्वादुल्से. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "गूळ आहे हा." आणि होताच. उसाचा रस आटवून साच्यात घातलेल्या ढेपा करतात, तापा दे दुल्से म्हणतात, आणि तोच गरम पाण्यात विरघळवायचा. पाहुणा उन्हातून आला की गूळपाणी द्यायचं हे आपल्याकडे, इथे थंडीतून आला की देतात. आई त्या बाईंशी मराठीत बोलायला लागली, त्या स्पॅनिशमध्ये, आणि अर्धा तास दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

दिवस दुसरा

सव्वापाचला गाईड दारात. साधारण पंचविशीतला मुलगा, याच खोऱ्यात जन्मलेला. मी मोठ्या ऐटीत म्हणालो की आम्हाला क्वेट्झल बघायचाय. तो हसला. "केत्साल," म्हणाला. मग पुढचं वाक्य जे म्हणाला ते ऐकून मला वाटलं याला बहुतेक इंग्रजी नीट येत नाही, तो म्हणाला आज आपण पक्षी शोधणार नाही, झाड शोधणार आहोत.

झाडाचं नाव आग्वाकातीयो. आग्वाकाते म्हणजे अवोकाडो, त्याचं लाडाचं रूप, छोटा अवोकाडो. फळ आपल्या करवंदापेक्षा जरा मोठं, हिरवट काळं, देठाशी लाल टोपीत बसलेलं. एकच जात नाही, या कुळातल्या बऱ्याच जातींना तिथे सरसकट हेच नाव. गाईडने एक पान चुरगळून आईच्या हातात दिलं, आईने वास घेतला, "तमालपत्राच्या घरातलं दिसतंय." बायको हसली पण ते बरोबर होतं हो! तमालपत्र, दालचिनी, अवोकाडो आणि हे आग्वाकातीयो सगळी एकाच कुळातली. मी गाईडला भाषांतर करून सांगितल्यावर त्याने आईला सलाम ठोकला आणि तिथून पुढे तो माझ्याशी कमी आणि आईशी जास्त बोलायला लागला.

तर भानगड अशी आहे की केत्साल फळं बरीच खातो पण त्याचा जीव या झाडांवर. आणि सगळी झाडं एकावेळी फळत नाहीत, एक जात या महिन्यात खाली नदीकाठी, दुसरी पुढच्या महिन्यात वर, म्हणून पक्षी पण वर्षभर डोंगर चढ-उतार करत फिरतो. मॉन्टेवर्देच्या केत्सालांच्या अंगावर छोटे रेडिओ ट्रान्समीटर बसवून हे नीट तपासलंय लोकांनी, वीण झाली की ते राखीव जंगलाच्या बाहेर उतरून जातात, खाजगी जमिनींवर, कारण फळ तिथे. म्हणजे तुम्ही वरचं जंगल कितीही कुंपण घालून जपा, खालच्या शेतकऱ्याने झाडं तोडली की पक्ष्याचे काही महिने उपाशी. हे ऐकून मला आपल्याकडचे धनेश आठवले, त्यांचंही असंच, उंबर-वड कुठे फळलाय तिकडे जायचं, आणि ते झाड कुणाच्या तरी बागेत असतं.

हे सगळं ज्ञान मिळालं, पक्षी नाही मिळाला. ढग एवढा खाली होता की झाडाचा बुंधा दिसत होता आणि शेंडा गायब. दोन तास उभे. रस्त्यावर आमच्यासारखे अजून वीसेक लोक, त्यातले दहा-बाराजण खांद्यावर लांब लेन्सच्या कॅमेऱ्यांच्या तोफा घेऊन, एकजण मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायला निघाला तर आमचा गाईड आणि दुसरे दोन गाईड एकदम त्याच्यावर धावले. विणीच्या दिवसात असा आवाज लावला की नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो घरटं सोडून भांडायला येतो, अंडी थंड पडतात. तो माणूस सॉरी सॉरी म्हणाला, पण त्याचं तोंड बघून वाटत होतं संधी मिळाली तर परत लावेल.

साडेआठला मादी दिसली. हिरवी पाठ, करडी छाती, लाल पोटाचा थोडासा भाग, शेपटीखाली काळे-पांढरे पट्टे, लांब पिसं नाहीत. तोफावाल्यांनी दोन-दोन फोटो काढले आणि मान फिरवली, नर हवा ना सगळ्यांना. आई म्हणाली, "बिचारीला कोणी बघतच नाही," आणि ती उडेपर्यंत दुर्बीण लावून बसली. मला तेव्हा कंटाळा आला होता, खरं सांगतो.

दुपारी नदीकाठच्या पायवाटेने चाललो. हमिंगबर्डनी वेड लावलं, साखरपाण्याच्या बाटलीवर एवढाले जीव आणि भांडणं अशी की सोसायटीच्या पार्किंगची आठवण यावी. जेवायला ट्राउट, याच नदीतला, लोकांनी बाहेरून आणून सोडलेला मासा आहे तो. चांगला होता पण आईचा निकाल, "कोकम नाही, तिखट नाही, नुसता आजारी माणसाचा मासा." सकाळचा गायो पिंतो मात्र तिला आवडला, कालचा भात आणि काळा घेवडा कांदा-सिमला मिरचीवर परतलेला, वरून लिझानो नावाचा तपकिरी सॉस. फोडणीचा भातच की.

दिवस तिसरा

हा दिवस लिहायलाच मी बसलोय.

गाईडने रात्रीच फोनाफोनी केली होती. तिथे पद्धत अशी आहे की कुणाच्या शेतात झाड फळलंय, कुणाच्या गोठ्यामागे जोडीने घरटं धरलंय, ते शेतकरी गाईड लोकांना कळवतात, मग गाईड चार पाहुणे घेऊन जातो आणि शेतकऱ्याला माणशी थोडे पैसे मिळतात. आम्ही गेलो ते शेत रस्त्यापासून जरा वर, उतारावर गुरं चरतायत, ब्लॅकबेरीच्या ओळी, आणि मधेमधे पाच-सहा आग्वाकातीयो उभे. शेतकरी आजोबा टोपी घालून फाटकावर. गाईडने सांगितलं की यांच्या वडिलांच्या काळात हेच झाड तोडून कुरण करायचे, ओक जाळून कोळसा करायचे, या खोऱ्यात वस्ती झाली तीच १९५० च्या दशकात, तेव्हा जंगल म्हणजे वाटेतला अडथळा. आता आजोबा कुंपणाच्या कडेने आग्वाकातीयोची रोपं स्वतः लावतात. मी विचारलं पक्ष्याच्या प्रेमापोटी का, तर ते म्हणाले दुधापेक्षा परवडतं. मला हे उत्तर फार आवडलं. प्रेम वगैरे असेलही, पण पोट भरलं तर झाड राहतं हे बरं आहे.

आम्ही गवतात उभे, पाय ओले, ढग आज वरच्या कड्यावर अडकलेला. आणि आवाज आला. मोराएवढा भसाडा नाही, कोकिळेएवढा स्पष्ट नाही, घुमल्यासारखा, दोन सुरांचा, एकदा खाली एकदा वर, परत परत. गाईडने बोट वर केलं. मी बघतोय, बघतोय, काही नाही. सगळं हिरवं. तो म्हणतोय तिथे, तिथे, दुसऱ्या फांदीच्या मागे. ओल्या पानांवर जशी चकाकी असते तशीच त्याच्या पाठीची, म्हणून पाठ करून बसला की संपलं. एवढा भडक पक्षी आणि दिसत नाही! आणि कर्ण्यासारखाच, अजिबात हलत नाही, फक्त मान सावकाश इकडून तिकडे.

आधी आईला दिसला. "अगंबाई," एवढंच म्हणाली.

मग तो वळला. लाल म्हणजे कुंकवाचा नाही, पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्याचा लाल, त्यावर हिरवा झालर लावल्यासारखा, डोक्यावर छोटा उभा तुरा, पिवळी चोच. आणि खाली ती पिसं. लोक त्याला शेपटी म्हणतात पण खरी शेपटी खालून पांढरी, आखूड, ही शेपटीच्या वरची झाकणारी पिसं आहेत, दोन इतकी वाढतात की पक्ष्याच्या अंगापेक्षा लांब. अंग साधारण ३६ ते ४० सेंटीमीटर, पारव्यापेक्षा थोडं मोठं समजा, आणि पिसं त्याच्याही पुढे लोंबत. ग्वाटेमालाकडच्या केत्सालांची अजून लांब असतात म्हणे, इथल्यांची जरा आखूड आणि बारीक. मला काही आखूड वाटली नाहीत. वारा नव्हता तरी ती हलत होती. ऊन एका क्षणासाठी आलं तर हिरव्याचं निळं झालं, मग सोनेरी, परत हिरवं, कारण पिसात हिरवा रंग असा नसतोच, पिसाच्या रचनेवर उजेड पडून तो दिसतो.

आणि मग झेप. बसल्या जागेवरून सुटला, फळाच्या समोर हवेत क्षणभर थबकला, चोचीने ओढलं, वळला आणि परत त्याच फांदीवर. पिसं मागून लाटेसारखी आली, शरीर पोचल्यावर जरा उशिराने. सुटताना मात्र मागच्या मागे घसरल्यासारखा सुटतो, गाईड म्हणाला पिसं फांदीत घासू नयेत म्हणून. फळ अख्खं गिळलं. घशात फुगवटा दिसला. आणि मग नुसता बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. बायको म्हणाली झोपला की काय. तेवढ्यात त्याने चोच उघडली, मान थोडी पुढे, आणि टप्प करून गुळगुळीत मोठी बी खाली गवतात.

आई एकदम जोरात हसली, गाईडने तोंडावर बोट ठेवलं. "अरे बी थुंकली त्याने! पोरं जांभळं खाऊन थुंकतात तशी!" हे त्याचं रोजचं काम, गर पचवायचा, बी ओकायची, आणि कधी कधी ती झाडापासून लांब कुठेतरी पडते. म्हणजे उद्याचं झाड लावतोय तो. याच फळावर टूकॅनेट येतात, काळे मोठे ग्वान येतात, घंटापक्षी खातात, पण मोठ्या बीचं फळ अख्खं गिळू शकणारे पक्षी मुळात मोजकेच. आजोबा कुंपणाला लावतात ती रोपं पण त्यांनी या झाडांखालूनच उचललेली.

घरटं लांबून पाहिलं, पन्नास पावलांवरून, त्यापुढे दोरी बांधली होती. उभा कुजका खोड, त्याला भोक. यांची चोच सुतारपक्ष्यासारखी नाही, म्हणून लाकूड चांगलं कुजलेलं लागतं, आणि कुजलेलं खोड वादळात पडतं, म्हणजे घर नेहमीच धोक्यात. दोन फिकट निळी अंडी असतात, नर-मादी दोघंही उबवतात, सतरा-अठरा दिवस. दिवसा बराच वेळ नर आत असतो आणि त्याची पिसं आत मावत नाहीत म्हणून दुमडून भोकातून बाहेर लोंबतात. आम्हाला तेवढंच दिसलं, खोडातून बाहेर आलेली दोन हिरवी पिसं, नेच्याच्या पानासारखी. माहीत नसेल तर नेचाच समजाल. ज्या पिसांसाठी जुन्या मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक राजे खंडणी घ्यायचे, ज्यांचा मुकुट आज व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे आणि मेक्सिको तो परत मागतोय, ज्या पक्ष्याच्या नावाने ग्वाटेमालाचं चलन चालतं १९२५ पासून, ती पिसं इथे गोठ्यामागे दाराबाहेर धोतराच्या सोग्यासारखी लटकलेली, कारण घरात अंड्यांवर बसायची पाळी त्याची होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, आमच्याकडे पोरगी लहान असताना रात्रीची पाळी कुणाची असायची हा जुना विषय आहे.

फोटो? आहेत. बहुतेक हललेले. एकात पक्षी नीट आला पण पोटाचा लाल एवढा भडकलाय की डाग वाटतो. नंतर एकजण म्हणाला एक्स्पोजर कमी ठेवायचं असतं. आता सांगतोय.

दिवस चौथा

सकाळी खोरं सोडलं, हायवेवरून अजून वर टोकाला गेलो, ३,४०० मीटरच्या वर, टॉवर उभे आहेत तिथपर्यंत. झाडं संपतात, बुटका बांबू आणि झुडपं. आकाश साफ असेल तर दोन्ही समुद्र दिसतात, आम्हाला एकही दिसला नाही. पिवळ्या डोळ्यांचा ज्वालामुखी जुंको नावाचा पक्षी पायाजवळ उड्या मारत होता, आईला डोकं जड वाटायला लागलं म्हणून दहा मिनिटांत उतरलो. वाटेत सांता मारिया दे दोताला कॉफी, कापडी गाळणीतून हळूहळू गाळलेली. बस, एवढंच, गाडी परत केली, परत एका कागदावर सही, परत थोडे पैसे.

विमानतळावर बसल्या बसल्या आईने मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामा आता ७४ चा, ऐकायला कमी येतं. आईने त्याला माझा तो बऱ्यापैकी आलेला फोटो दाखवला, पिसं केवढी लांब ते हाताने करून दाखवलं, बी थुंकण्याची गोष्ट दोनदा सांगितली. मामा बराच वेळ स्क्रीनला डोळे लावून.

"ओरडता कसो?" मामाने विचारलं.

मी आजूबाजूला बघितलं, लोक होते, तरी काढला आवाज, एकदा खाली एकदा वर. समोरच्या बाकावरचं पोरगं आईच्या मागे लपलं.

मामाने मान हलवली. "बरो आसा," म्हणाला. "पण आमचो कर्णोच बरो. शेपटी तरी घरात मावता."